खालच्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला

माझी थोरली बहीण, आमची आक्का, हातमागावर साड्या विणते आणि मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दोघांत हुशार कोण, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी काढलाच नाही, कारण उत्तर सगळे धरूनच चालले होते. ती सातवीतून उठून मागावर बसली, मी बी.एड.पर्यंत गेलो. शिवाय मला आठवीतच चष्मा लागला आणि आमच्या गल्लीत चष्मा म्हणजे हुशारीचा दाखला. या समजुतीवर मी बावन्न वर्षं आरामात काढली. गेल्या थंडीत गुरू ग्रहावर एक दगड येऊन पडला आणि तिथून पुढं माझी ती ऐट काही परत आली नाही.

आम्ही दोघंही बेळगावच्या शहापुरात राहतो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी नोकरीला निपाणीला आहे, रोज लाल बसनं जाऊन येऊन करतो. आक्काचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा उद्यमबागेत एका कारखान्यात इंजिनिअर आहे, गुणी पोरगा आहे, आणि आईच्या बाबतीत जरा जास्तच घाबरट आहे. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आक्काचा माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ती बसणार, समोर हजारो उभे धागे ताणलेले. गल्लीत यंत्रमाग अजून खडखडतात, पण हाताचा माग तिचा एकटीचाच उरला आहे.

या बाईचे डोळे काय आहेत हे आधी सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं धावत असतो, हात चालू, पाय चालू, तोंडही चालू, शेजारणीशी आमटीत चिंच किती घालायची याची चर्चा रंगलेली. आणि मध्येच ती थांबते. का थांबली म्हणून आपण वाकून बघावं, तर आपल्याला काही दिसत नाही. ती दोन बोटं घालून त्या हजारांतून एक धागा उचलते. तुटलेला. मी एकदा चष्मा पुसून, विजेरी घेऊन, तो तुटलेला धागा शोधायचा प्रयत्न केला होता. तिनं बघितलं, हसली आणि म्हणाली, "मास्तर, तू बाजूला हो. उजेड अडवालास."

तर मला दुर्बिणीचा नाद आहे. आठ इंची आरशाची दुर्बीण मी बायकोचा आठवडाभराचा अबोला सोसून घेतली. थंडीत आमच्याकडं आभाळ स्वच्छ असतं आणि गेल्या थंडीत गुरू दिवेलागणीनंतर लगेच पूर्वेला चांगला वर येत होता. जेवणाआधी तास-दीड तास गच्चीवर काढायचा, असा माझा नेम झाला. आक्काही मागावरून उठली की शाल गुंडाळून यायची. म्हणायची, "दिवसभर हाताएवढ्या अंतरावर बघून बघून डोळं आंबत्यात. जरा लांबचं बघिटलं की बरं वाटतंय." गुरूपेक्षा लांबचं आमच्या गच्चीवरून तिला काय दाखवणार!

लोकांना वाटतं, दुर्बिणीला डोळा लावून आम्ही तल्लीन होऊन बघत असतो. तसलं काही नसतं. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, कॅमेरा लॅपटॉपला. आपल्या डोक्यावरची हवा सारखी हलत असते, म्हणून एक फोटो काढून भागत नाही. दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घ्यायचे. त्यात हजारो चित्रं असतात. मग लॅपटॉप त्यातली ठळक तेवढी निवडतो, एकमेकांवर रचून एक सुंदर चित्र बनवतो आणि बाकीची टाकून देतो. आक्काला हे सगळं मी समजावून सांगितलं तेव्हा तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बघतंय ते मशीन. तू नुस्तं शेंगा खातोस." मी तेव्हा खरोखरच शेंगा खात होतो.

लॅपटॉपच्या पडद्याकडं बघायची ती. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मुकाट्यानं, पूर्ण दोन मिनिटं, एकामागून एक व्हिडिओ. पडद्यावर काय असायचं? लिंबाएवढा थरथरता गोळा, त्यावर दोन तपकिरी पट्टे, कधी तांबडा डाग, आजूबाजूला चंद्रांची टिंबं. माझी बायको पाच मिनिटांत कंटाळून खाली जायची. खरं सांगायचं तर मीही कंटाळायचो. आक्का मात्र तो गोळा असा बघायची की जणू त्याचाही काठ बरोबर उतरतो की नाही हे तिलाच सांभाळायचं आहे.

त्या संध्याकाळी मी कठड्याला टेकून उभा होतो, पाठ लॅपटॉपकडं. आक्का एकदम खुर्चीतून पुढं झाली.

"ए, त्येच्यावर कायतरी पेटलं रं!"

"कशावर?"

"गुरूवर. खालच्या पट्ट्याच्या खाली, डाव्या अंगाला. पांढरं टिंब आलं, ठळक झालं आणि गेलं."

"किती वेळ होतं?"

"दोन धोटं टाकंस्तोवर."

मी वळून बघितलं. गोळा नेहमीसारखा थरथरत होता. पट्ट्याखाली काही नव्हतं. "किडा गेला असंल कॅमेऱ्यापुढनं," मी म्हणालो.

"किडा पेटतोय व्हय?"

आता इथं मला कबूल करायला हवं, की असं काही घडू शकतं हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या कॉलेजच्या दिवसांत एका धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले होते आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे दिसत होते. अलीकडे तर घराएवढे दगड गुरूवर पडताना होणारी क्षणभराची चमक माझ्यासारख्याच हौशी लोकांनी टिपली आहे. मी हे वर्गात रंगवून सांगतो. पण ते सगळं कुठंतरी जपानात, ब्राझीलमध्ये होणारं. ते आपल्या शहापुरात, शेंगा सोलताना, आपल्या सातवीतून उठलेल्या आक्काला दिसेल, हे काही माझ्या विज्ञानात बसत नव्हतं.

तरी मी रीतसर तपासणी केली. म्हणजे तो व्हिडिओ लॅपटॉपला दिला, त्यानं चित्रं निवडली, रचली आणि वीसेक मिनिटांनी गुरूचा त्या मोसमातला सर्वांत देखणा फोटो माझ्यासमोर ठेवला. पट्टे स्वच्छ, कडा धारदार. चमक नाही. मी लॅपटॉप तिच्यापुढं फिरवला.

"बघ. काय न्हाई."

तिनं बघितलं. "चित्रात न्हाई म्हणून झालंच न्हाई व्हय? ह्ये तू घडी घातल्यालं कापड दावालास. कापड बघायचं ते मागावर असताना."

काय अचूक बोलली होती ती! हजारो चित्रांच्या राशीत दीड-दोन सेकंदांची चमक रचता रचता पुसून जाते, हे त्या क्षणी मला सुचायला हवं होतं. मूळ व्हिडिओ सावकाश, एकेक चित्र पुढं सरकवत बघायला हवा होता. मी त्याऐवजी वर्गातल्या ढ मुलाकडं बघून हसतात तसा हसलो, आणि लॅपटॉपमध्ये जागा नाही म्हणून तो व्हिडिओ पुसून टाकला. मग माझ्या नोंदवहीत लिहिलं: '७.४२. आक्काला खालच्या पट्ट्याखाली, डावीकडे चमक दिसली म्हणते. फोटोत नाही. डोळे दाखवून घेणे.'

ते शेवटचे तीन शब्द मला अजूनही टोचतात.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. डोळ्यांपुढं अचानक चमकल्यासारखं झालं तर ते डोळ्याच्या पडद्याचं दुखणं असू शकतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. हेतू चांगलाच होता, आणि चांगल्या हेतूनं केलेल्या मूर्खपणाला कुणी आवर घालत नाही. भाचा रजा टाकून आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर भले होते. त्यांनी नीट तपासलं, पडदा ठीक दिसतो म्हणाले, मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे म्हणाले. पण चमक दिसली असेल तर काही महिने बारीक काम नको, पुन्हा दिसली तर लगेच या. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी सल्ला दिला. त्यांना सांगितलं होतं मी.

त्यातच दुकानदाराकडून एक साडी परत आली. काठात एका जागी धागा चुकलेला. चाळीस वर्षांत तिच्या साडीत असं कधी झालं नसेल असं नाही, पण आता त्याचा अर्थच वेगळा लागला. भाचा म्हणाला, "मामा, तुमी म्हटलासा ते खरंच हाय. आईचं डोळं गेलं." माग थांबला. अर्धी विणलेली साडी तशीच मागावर राहिली, तिच्यावर जुनं लुगडं झाकलं.

पहिले काही दिवस आक्का चिडलेली होती आणि तोवर सगळं ठीक होतं. ती दारात आलेल्या प्रत्येकाला सांगायची, "मास्तरच्या मशीनला दिसलं न्हाई म्हणून माझं डोळं फुटलं म्हणं!" लोक हसायचे, मीही हसायचो. मग हळूहळू ती बोलायची बंद झाली. मी एकदा गेलो तर ती तांदूळ निवडत होती. निवडलेलेच तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडत होती. भाजी चिरताना बोटांनी चाचपायला लागली. गच्चीवर आली तरी खुर्ची फिरवून, लॅपटॉपकडं पाठ करून बसायची. मी म्हटलं, "आक्का, आज तांबडा डाग समोर आलाय, बघ की." ती म्हणाली, "नको रं. उगंच कायतरी दिसायचं."

तेव्हा मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं ते तिच्या डोळ्यांचं. माझी चूक असेल ही शंका मला शिवलीही नाही. एवढा मी हुशार.

महिन्याभरानं भाच्यानं मागाचं ठरवलं. खानापूरच्या पुढं जंगलाच्या कडेला एक नवं रिसॉर्ट होत होतं, त्यांना दर्शनी दालनात मांडून ठेवायला जुना लाकडी माग हवा होता. भाच्याचं म्हणणं, माग डोळ्यांसमोर असला तर आई एक ना एक दिवस त्यावर बसणार आणि उरलीसुरली नजर घालवणार. आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "न्या म्हणावं." शनिवारी दुपारी टेम्पो येणार होता. मलाही बोलावलं होतं, माग उचलायला नव्हे, आक्काजवळ बसायला.

शनिवारी आमची शाळा सकाळची. निपाणी स्टँडवरून मी दुपारची बस पकडली, खिडकीची जागा मिळाली. आम्हा हौशी गुरू बघणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, देशोदेशीचे लोक त्यात फोटो टाकतात. बस घाट उतरत असताना मी सहज फोन उघडला. पूर्वेकडच्या एका देशातल्या निरीक्षकानं लिहिलं होतं, की तो बरेच दिवस आजारी होता, आता साठलेले व्हिडिओ एकेक चित्र करून तपासतो आहे, आणि त्यातल्या एकात त्याला गुरूवर चमक सापडली आहे. त्या वेळेला आणखी कुणी गुरूकडं बघत होतं का? तारीख दिली होती. वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे चौदा वाजून बारा मिनिटं.

जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. मी मिळवले. पुन्हा मिळवले. मग पिशवीतून उत्तरपत्रिकांखालची नोंदवही काढली. तीच तारीख. सात बेचाळीस.

मला घाम फुटला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं सर? मळमळालंय काय? लिंबू देऊ?" मी लिंबू घेतलं आणि व्हिडिओ उघडला. गोळा थरथरतो आहे, आणि अचानक पांढरं टिंब, ठळक, आणि गेलं. मी मनात मोजलं. सेकंद-दीड सेकंद. मागावर दोन धोटे टाकायला तेवढाच वेळ लागतो.

पण चमक होती वरच्या पट्ट्याच्या वर, उजव्या बाजूला. आक्कानं सांगितलं होतं खाली, डावीकडं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. माझा सगळा उत्साह मावळला. वेळ जुळते आणि जागा जुळत नाही. मी बेळगावच्या अलीकडच्या काकतीपर्यंत तो व्हिडिओ बघत राहिलो आणि प्रत्येक वेळी चमक आपली वरच, उजवीकडंच. भाच्याला फोन लावला, तो उचलेना. आक्का फोन जवळ बाळगत नाही. स्टँडवर उतरून रिक्षा केली तेव्हा मी ठरवलं, की जुळो न जुळो, आधी तिला दाखवायचं.

दारात टेम्पो उभा होता. खोलीत भाचा आणि दोन माणसं. अर्धा माग सुटलेला. उभे धागे कापून अर्धी साडी एका बाजूला गुंडाळून ठेवली होती. फणी, म्हणजे ज्या बारीक दातांतून एकेक उभा धागा ओवलेला असतो ती लांब पट्टी, पोत्यात बांधून टेम्पोत गेली होती. आक्का भिंतीला टेकून उरलेल्या धाग्यांचे गुंडे करत बसली होती, बघत कुठंच नव्हती.

मी तिच्यापुढं फोन धरला. "आक्का, ह्ये बघ."

"नको रं."

"आक्का, एकदाच."

तिनं फोन हातात घेतला आणि जवळ नेऊन बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा. मी सांगायला सुरुवात केली, की ह्ये दुसऱ्या देशातल्या माणसानं काढलंय, वेळ तीच हाय, पण जागा जुळेना, तू डाव्या अंगाला म्हणालीस आणि...

"गप की जरा," ती म्हणाली. मग तिनं फोन हातात फिरवला, खालचं वर केलं आणि पुन्हा बघितलं. "हां. आता बरोबर. त्यानं उलटं धरलंय. तांबडा डाग तुझ्या पडद्यावर वरच्या अंगाला असतोय, ह्येच्यात खाली आलाय. ह्ये बघ. खालच्या पट्ट्याच्या खाली. डाव्या अंगाला."

माझ्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. आरशाच्या दुर्बिणीत ते उलटंच दिसतं, हे मी सव्वीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवतो आहे. बाकीचे लोक ते सुलटं करून गटात टाकतात, मी आळसानं तसंच ठेवतो. निपाणीपासून काकतीपर्यंत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिला दोन पट्टे आणि एक डाग बघून कळलं. उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं हे ओळखण्यात तिचा जन्म गेलाय हे खरं, पण तेवढ्यावर ते सोडून देणं बरं नाही. ती हुशार आहे. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. हे वाक्य मी बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मनात म्हटलं आणि मला लाज वाटण्यापेक्षा आनंदच जास्त झाला.

"म्हंजे माझ्या डोळ्यात न्हवतं ते," आक्का म्हणाली.

"न्हवतं. गुरूवर होतं. खरंच पेटलतं. आक्का, मी चुकलो गं."

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरला. रडणं दाखवायची तिला सवय नाही. भाचा हातोडी घेऊन उभा होता, त्यानं ती खाली ठेवली. टेम्पोबरोबरच्या माणसांना काय झालं ते कळेना, पण घरात काहीतरी झालंय एवढं कळलं आणि ते बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

पदर बाजूला केल्यावर तिनं विचारलं, "काय होतं रं ते?"

"दगड. आभाळातनं आलेला. आपल्या घराएवढा असंल, नाहीतर थोडा मोठा."

"पडला कुठं मग? खड्डा पडला असंल की."

"तिथं जमीनच न्हाई, आक्का. गुरू म्हंजे सगळा वायू. वर ढग, ढगाखाली आणखी दाट वायू, त्येच्याखाली आणखी दाट. पाय टेकावा असं कायच न्हाई. दगड यायला लागला एका सेकंदाला पन्नास-साठ किलोमीटर. बेळगाव-निपाणी दीड सेकंदात. मला दोन तास लागतात. एवढ्या जोरात आल्यावर त्येच्या पुढची हवा दबून दबून तापली, तो पेटला आणि फुटला. टेकायच्या आधीच संपला."

"काहीच ऱ्हायलं न्हाई?"

"मोठा असता तर काळा डाग ऱ्हायला असता, महिना-दीड महिना. ह्ये बारकं. त्येची राख गुरूच्या ढगात मिसळली. गुरूला पत्ताही लागला नसंल."

तिनं हातातल्या फोनकडं पुन्हा एकदा बघितलं. "आणि ते इतक्या लांबनं मला दिसलं."

"त्रेसष्ट कोटी किलोमीटरवरनं. तिथनं उजेड यायलाच पस्तीस मिनिटं लागतात. तू बघिटलंस तेव्हा ते सगळं होऊन गेलतं. तू घरात तुळशीला दिवा लावत असशील, तवाच तो दगड जळालता."

मी हे आजवर कितीतरी वर्गांना सांगितलं आहे. मुलं मागच्या बाकावर एकमेकांना चिमटे काढत असतात. आक्का ऐकत होती ते असं, की मला मध्येच वाटलं, हे सगळं खरोखर किती मोठं आहे! एक दगड, कोट्यवधी वर्षं अंधारात फिरत आलेला, त्याचा शेवट दीड सेकंदाचा. त्या दीड सेकंदात पृथ्वीवरच्या एवढ्या माणसांतून त्याच्याकडं डोळे लावून बसलेली, आम्हाला ठाऊक असलेली, माणसं दोन. त्यातला एक जण तेव्हा बघत नव्हताच, त्याचा कॅमेरा बघत होता. त्यानं महिन्यानंतर बघितलं. घडताना बघितलं ते फक्त आमच्या आक्कानं. आणि आम्ही तिला औषधाचे थेंब घालून खाटेवर बसवलं होतं.

मी त्याच जागी बसून त्या निरीक्षकाला उत्तर लिहिलं. माझ्याकडं व्हिडिओ नाही, तो मी पुसला, हेही लिहिलं. पण माझ्या बहिणीनं त्याच मिनिटाला, त्याच जागी, तेवढाच वेळ चमक बघितली, तशी नोंद आहे. नोंदवहीच्या पानाचा फोटो जोडला, 'डोळे दाखवून घेणे'सकट. त्याचं उत्तर तासाभरात आलं. त्यानं विचारलं होतं, तुमच्या बहिणीला किती वर्षांचा अनुभव आहे? मी आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चाळीस म्हण. खोटं कशाला बोलायचं?" मी चाळीस लिहिलं. कशातला, ते त्यानं विचारलं नव्हतं, पण मी तेही लिहिलं.

पण हे सगळं उत्तर येण्याबिण्याचं नंतरचं. त्या वेळी खोलीत सुटलेला माग होता, कापलेले धागे होते आणि दारात टेम्पो होता. मी भाच्याकडं बघितलं. मला त्याला रागवायचा अधिकार नव्हता, त्याच्या मनात भीती घातली होती ती मीच. हा माग पुन्हा उभा करायचा म्हणजे प्रत्येक उभा धागा फणीच्या एकेका दातातून नव्यानं ओवायचा. हजारो धागे. आठवड्याचं काम, आणि ते सगळं डोळ्यांचं काम.

आक्का कापलेल्या धाग्यांकडं बघत होती. महिन्याभरात पहिल्यांदाच ती आपल्या कामाकडं बघत होती. मग जरा पुढं वाकली, त्या गुंत्यात दोन बोटं घातली आणि एक धागा बाजूला काढला. "ह्यो आधीच तुटलता," ती म्हणाली. "ती परत आलेली साडी ह्याच उभ्या धाग्यांवरची, तिच्यात ह्योच चुकलाय. मला ठाऊक होतं. मी सांधणार होते, तेवढ्यात तुमी मला डॉक्टरकडं न्हेलासा."

भाचा बाहेर गेला, टेम्पोत चढला, पोतं सोडलं आणि फणी दोन्ही हातांवर आडवी धरून परत आला. त्यानं आयुष्यात कधी मागाला हात लावला नव्हता, त्याच्या लहानपणीच आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं की तू शिक, ह्यात पडू नको.

"आई," तो म्हणाला, "ही कुठनं ओवायला लागायचं? मला दाखव."

तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. बोल्ट सोडून सोडून ते काळे झाले होते.

"आधी हात धुऊन ये. धाग्याला डाग पडतोय."

तो मोरीकडं गेला. तो हात पुसत परत आला, तोवर आक्का खड्ड्यात पाय सोडून बसली होती आणि पहिला धागा तिच्या बोटांत होता.